जुन्या अल्टोत वेगळे मीटर बसवायचे आहेत. कोणते घ्यावेत, कुठे लावावेत?

तुमची अल्टो 796 सीसीची, तीन सिलिंडर, नाशिक-पुणे नेहमीचं जाणं-येणं. आरपीएम, ऑइल प्रेशर आणि टेम्परेचर असे तीन मीटर ड्रायव्हरच्या बाजूच्या, पुढच्या काचेशेजारच्या खांबावर पॉडमध्ये (मीटरच्या डब्यात) लावायचेत आणि कंपनी कोणती घेऊ, असं विचारलंय. कंपनीवरून सांगणारे दहा जण भेटतील. बाहेरून लावलेले मीटर दगा देतात ते दुसऱ्या टोकाला, इंजिनावरच्या सेंडरपाशी (दाब किंवा तापमान मोजून मीटरला कळवणारा भाग), आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही. म्हणून आधी तेच.

नात्यातली एक अल्टो मोहदरी घाट चढताना कायमची बसली. तिला ऑइल प्रेशरचा मीटर होता, चांगल्यातला. मूळ ऑइल स्विच काढून त्या भोकात पितळी टी (तीन तोंडांचा जोड) बसवलेला, टीच्या एका तोंडाला मूळ स्विच आणि दुसऱ्याला मीटरचा डबीएवढा सेंडर. नव्वद टक्के ठिकाणी असंच बसवून देतात. जपानी पद्धतीच्या इंजिनात त्या भोकाचे आटे 1/8 बीएसपीटी (ब्रिटिश पद्धतीचे) असतात, इंचात 28, कोन 55 अंश. बाजारातल्या बहुतेक टी आणि सेंडरचे आटे 1/8 एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे), इंचात 27, कोन 60 अंश. दोन-अडीच फेरे हातानेच जातात, त्यामुळे बसल्यासारखं वाटतं. मग पाना लावून आवळलं की आटे एकमेकांना खातात. गळती होऊ नये म्हणून वर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे. आता ही जोडणी बाहेरून घट्ट दिसते, पण धरलेली असते दोन-तीन आट्यांवर. पुढे आठ-दहा सेंटिमीटर बाहेर आलेला टी, त्याच्या टोकाला जड सेंडर आणि खाली तीन सिलिंडरचं थरथरणारं इंजिन. पितळ आट्यांच्या मुळाशी सर्वांत पातळ असतं. चीर तिथेच पडते आणि तुकडा पडतो तो इंजिन ताणात असताना.

टी तुटला. ऑइल पंप थांबत नाही, तो त्या भोकातून तेल बाहेर फेकत राहिला. इथपर्यंत कुणालाही समजेल. खरी गोम पुढे आहे. ऑइलचा लाल दिवा लागायला स्विचच्या बॉडीला इंजिनाची अर्थ लागते. स्विच टीवर, टी तुटून वायरीला लटकलेला, म्हणजे अर्थ गेली आणि दिवा लागलाच नाही. मीटरचा सेंडर व्हीडीओ (जर्मन कंपनी) पद्धतीचा, शून्य प्रेशरला 10 ओहम आणि पूर्ण प्रेशरला साधारण 180. त्याचीही अर्थ गेली की सर्किट उघडं पडतं, मीटरला अमाप ओहम दिसतात आणि काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो. तेल रस्त्यावर, दिवा बंद आणि काटा पूर्ण प्रेशरवर! क्रँकच्या बेअरिंगा घासल्याचा आवाज आला तेव्हाच चालवणाऱ्याला कळलं.

ते इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रींचं आजही तेच पालुपद आहे: कंपनीने दिवा दिलाय ना, मग वर मीटर कशाला, मीटरनेच इंजिन खाल्लं. त्यांचं अर्धं बरोबर आहे, उरलेल्या अर्ध्यावर आमचं जमत नाही. तो दिवा साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली लागतो. गरम इंजिन 3000 आरपीएमवर तीन बारऐवजी एक बार देत असेल, तर बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असतं आणि दिवा शांत बसलेला असतो. दिवा लागेपर्यंत बोलायला काही उरत नाही. इंजिन खाल्लं ते टीने, लोंबकळत्या सेंडरने आणि स्विच-सेंडर दोघांना एकाच तुटक्या तुकड्यावर ठेवणाऱ्या फिटिंगने.

तेव्हा ऑइल प्रेशरची जोडणी अशी करून घ्या. ब्लॉकच्या भोकात फक्त एक छोटा सरळ नट (बाहेरून आटे असलेला), 1/8 बीएसपीटीचाच, लेथवर करून घेतलेला असला तरी चालेल. त्याच्या आत साधारण 1 मिलिमीटरचं भोक ठेवायला सांगा. मीटरला तेलाचा प्रवाह लागत नाही, नुसता दाब पोहोचला की झालं, आणि पुढे काही फुटलंच तर धार बारीक राहते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. नटापुढे 30 ते 45 सेंटिमीटरचा स्टीलची जाळी असलेला होज. नाशकात सातपूर किंवा अंबडला हायड्रॉलिक होज करणाऱ्याकडे गेलात तर आतून पीटीएफई (टेफ्लॉन) असलेला मागा. साधा रबरी हायड्रॉलिक होज 100 अंशांपर्यंतचाच असतो आणि घाटात इंजिन ऑइल त्यावर जातं. होजचं दुसरं टोक बॉनेटखाली बॉडीच्या पत्र्यावर बोल्टने बसवलेल्या छोट्या पितळी ठोकळ्याला, आणि त्या ठोकळ्यात मूळ स्विच आणि नवा सेंडर दोन्ही. ठोकळ्याला थिंबल लावून स्वतंत्र अर्थची वायर द्या, पत्रा रंग खरवडून. रंगावर बसवलेला ठोकळा म्हणजे अर्थ नसल्यातच जमा. आता होज फुटला तरी स्विचची अर्थ शाबूत राहते, दिवा लागतो आणि काटाही शून्यावर येतो.

टेप लावायचीच तर पहिले दोन आटे मोकळे सोडून दोनच वेढे. त्यापेक्षा आट्यांचा पातळ सीलंट बरा, टेपचा तुकडा तुटून ऑइलच्या वाटेत जायची भीती नाही. ब्लॉकमधला नट 12 ते 14 न्यूटन-मीटरच्या वर आवळू नका. ब्लॉकला तडा गेला तर मीटरचा खर्च विसरूनच जा.

बसवून झाल्यावर एक चाचणी घ्या, कुणी घेत नाही. चावी ऑन, इंजिन बंद: काटा शून्यावर आणि दिवा लागलेला हवा. मग सेंडरची वायर काढा आणि काटा कुठे जातो बघा. तुमच्या मीटरची वायर तुटली तर तो काय दाखवेल, हे तिथेच कळतं. 240 ते 33 ओहमच्या अमेरिकन पद्धतीच्या सेटमध्ये वायर निघाली की काटा खाली पडतो, व्हीडीओ पद्धतीत वर चढतो. मीटर एका पद्धतीचा आणि सेंडर दुसऱ्या पद्धतीचा लावला, तर काटा हलतो पण बोलतो ते सगळं खोटं. म्हणून दोन्ही एकाच डब्यातले घ्या. जुन्या बाजारातून नुसता मीटर उचलून आणू नका.

टेम्परेचरचा सेंडर बहुतेक लोक रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये ॲल्युमिनियमचा अडॅप्टर घालून बसवतात. पद्धत ठीक आहे, पण अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर असतं, म्हणजे त्याला अर्थ नाही. अडॅप्टरला स्क्रूने वायर जोडून ती बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा इंजिनाला द्या, नाहीतर काटा हलणारच नाही किंवा मनाला येईल तसा हलेल. होजचा आतला व्यास व्हर्नियरने मोजूनच अडॅप्टर घ्या, 2 मिलिमीटरचा फरक क्लिपने दाबून भरून निघत नाही. हा होज थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेच्या) पुढे असेल तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत काटा थंडच दाखवेल, त्याला बिघाड समजू नका. कूलंट गळून होज रिकामा झाला, तर सेंडर वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. घाट चढताना 95 वर असलेला काटा अचानक 70 वर आला, तर खूश होऊ नका, गाडी थांबवा.

थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांना उघडतो, पंखा साधारण 95 ते 100 ला लागतो. 105 ला एसी बंद करा, 110 ला बाजूला घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, उघड्या भांड्यात पाणी इथे 98 अंशांना उकळतं. रेडिएटरचं 0.9 बारचं झाकण घट्ट बसत असेल तर साधं पाणी 118 पर्यंत तग धरतं, निम्मा कूलंट आणि निम्मं पाणी सव्वाशेपर्यंत. झाकणाचं रबर गेलं असेल तर हे सगळे आकडे कोसळतात. म्हणून मीटरच्या आधी नवं झाकण घ्या. आणि 'नाशकात थर्मोस्टॅटची काय गरज' म्हणून तो काढून टाकणारे जे आहेत, त्यांनी डिसेंबरात गंगापूर रोडवर सकाळी या मीटरकडे बघावं. इंजिन साठ अंशांच्या वर येत नाही, इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल टाकत राहतं आणि ॲव्हरेज पडलं म्हणून प्लग बदलले जातात.

आरपीएम मीटर घेऊ नका असं माझं मत आहे. घ्यायचाच तर 3 सिलिंडरची सेटिंग आहे का बघा. स्वस्त मीटरमध्ये 4, 6 आणि 8 एवढ्याच असतात. एकच कॉइल असलेलं तीन सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्याला दीड ठिणगी देतं, चार सिलिंडरचं दोन. 4 वर ठेवलेला मीटर खऱ्या 3000 ला 2250 दाखवेल. 6 वर ठेवला तर बरोबर निम्मे दाखवतो, निदान मनात दुप्पट करता येतं. तीन सिलिंडरचं इंजिन कानालाच कळतं. त्या जागी व्होल्टमीटर लावा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. इंजिन बंद असताना 12.6, चालू असताना 13.8 ते 14.4. हेडलाइट आणि पंखा चालू ठेवूनही 13.2 च्या खाली राहिला तर अल्टरनेटर दाखवून घ्या. व्हॅक्यूम मीटरही चांगला, पण त्यावरचे हिरवे पट्टे समुद्रसपाटीचे असतात. आपल्याकडे साधारण दोन इंच (पाऱ्याचे) कमी धरा आणि त्याचा टी ब्रेक बूस्टरच्या पाइपवर कधीही मारू नका.

आता जागा. खांबावर नको. उजवं वळण घेताना त्याच कोनातून माणूस आणि दुचाकी येते. नाशिकच्या द्वारका चौकात तर खांब आहे तेवढाच जास्त वाटतो, त्यावर 52 मिलिमीटरचे तीन डबे वाढवू नका. रात्री त्यांचं प्रतिबिंब दाराच्या काचेत पडतं ते वेगळंच. स्टेरिओच्या जागी डबल डिन (दुप्पट उंचीच्या स्टेरिओची) खाच असेल तर 180 बाय 100 मध्ये तीन मीटर आरामात बसतात. सिंगल डिनची उंची 50, तिथे 52 चा मीटर जात नाही, हे विकत घेतल्यावर लक्षात येतं. तेव्हा स्टेरिओच्या खालच्या कप्प्यावर 3 मिलिमीटर एबीएस प्लॅस्टिकची पट्टी कापून लावा, 52 च्या होल-सॉने भोकं पाडा आणि मागे किती खोली आहे ते आधी मोजा. काही मीटर 70 मिलिमीटरपर्यंत खोल असतात. डॅशवर चिकटवायचं असेल तर व्हीएचबी (जाड, दोन्ही बाजूंनी चिकटणारी) टेप, खाली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, आणि एक दिवस गाडी उन्हात नको. मीटर थोडे फिरवून असे बसवा की सगळं ठीक असताना सगळे काटे सरळ वर राहतील. रस्त्यावरून नजर जेमतेम हलवून एक वाकडा काटा लगेच दिसतो, आकडे वाचायला लागत नाहीत.

वायरिंग थोडक्यात. करंट फ्यूज बॉक्समधल्या इग्निशनच्या लाइनवरून फ्यूज टॅपने, 2 अँपिअरचा फ्यूज. मीटरला 0.75 चौरस मिलिमीटर वायर, सेंडरला 0.5 पुरते. दिव्याची वायर पार्किंग लाइटवरून. तिन्ही मीटरची अर्थ एकाच बोल्टला. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर रबरी ग्रोमेटमधूनच न्या, पत्र्याच्या कडेने घासलेली वायर पावसाळ्यात फ्यूज उडवते. रंगावर विसंबून वायर सोलू नका, मल्टिमीटरने तपासा. मूळ टेम्परेचर सेन्सरच्या वायरीला मीटर जोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. इसीएम त्या वायरीवरून पेट्रोल ठरवतं.

कंपनीचं सांगायचं राहिलं. मीटर आणि सेंडर एकाच डब्यातला असेल, सेंडर सुटा मिळत असेल आणि त्याचे ओहम पाकिटावर छापलेले असतील, तर कोणताही घ्या. नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर यातलं काहीही करायच्या आधी विचार करा, वायर कापली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारतात. प्रवाशापुढे एअरबॅग असेल तर त्याच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. आणि सीएनजी बसवलेला असेल तर रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) जाणाऱ्या गरम पाण्याच्या बारीक पाइपवर टेम्परेचरचा अडॅप्टर घालू नका. तिथे प्रवाह कमी असतो, गॅस तिथली उष्णता ओढून घेतो आणि मीटर इंजिनाऐवजी रिड्यूसरचं तापमान दाखवतो.