भाऊ शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडणार, गावी आईला खुशाली कळावी. कोणतं सॅटेलाइट यंत्र घ्यावं?

इरिडियमवर चालणारं, दोन्हीकडून मेसेज होणारं घ्या, म्हणजे गार्मिन इनरीचसारखं. इरिडियमचे 66 उपग्रह ध्रुवापासून ध्रुवापर्यंत सगळी पृथ्वी झाकतात. स्पॉट कंपनीची यंत्रं ग्लोबलस्टार या दुसऱ्या उपग्रह-जाळ्यावर चालतात. किनाऱ्याजवळ ती बरी, पण भर समुद्रात मध्ये मध्ये त्यांची रेंज जाते. मी तिथे ते घेणार नाही.

माझा भाचा असाच गेला होता. आम्ही धारणीकडचे, मेळघाटातले. बोट कुठे आहे ते ठिपक्याने दाखवणारं नकाशाचं पान गावात उघडता उघडत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी साधा एसएमएस टाकायचा. ताई पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर मोबाइल घेऊन बसायची, तिथेच रेंज येते. "बरा आहे, वारा चांगला" एवढं वाचलं की मग चूल पेटायची. तेव्हा निघण्याआधी तुमच्या गावच्या नंबरवर मेसेज येतो का, हे नक्की तपासा. आणि आईला आधीच समजावून ठेवा: नकाशावरचा ठिपका थांबला म्हणजे बोट बुडाली असं नाही, बॅटरीही उतरते.

बोटीवर 406 मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत बचाव पथकाला हाक देणारं यंत्र, हवाच. त्याला मासिक पैसे लागत नाहीत, आणि जिवावर बेतलं तर भरवसा त्याच्यावर. मेसेजचं यंत्र त्याची जागा घेत नाही.

एक महत्त्वाचं: परत येताना ते मेसेजचं यंत्र बॅगेत टाकून भारतात आणू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते इथे चालत नाही, विमानतळावरच अडकायला होतं.