तेरला पहिल्यांदा जाताय? मग एवढं करा

धाराशिवजवळच्या तेरला जाताय ना, मग तिथलं म्युझियम छोटं आहे म्हणून अर्ध्या तासात उरकू नका. आधी डोक्यात एवढं ठेवा की तेर म्हणजेच जुनं तगर, सातवाहन काळातली मोठी बाजारपेठ, पहिल्या शतकातल्या ग्रीक नोंदींत पैठणसोबत याचंही नाव येतं. मग मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या बघताना नुसता भंगार माल वाटत नाही, कुणीतरी बनवून विकलेल्या वस्तू वाटतात.

हस्तिदंताची छोटी स्त्रीमूर्ती सगळ्यात सावकाश बघा, अशीच भारतीय बनावटीची मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला सापडली, आणि ते शहर इ.स. 79 मध्येच राखेखाली गेलेलं, म्हणजे व्यापार कुठवर होता बघा! उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही चुकवू नका. पाट्या वाचून भागत नाही, तिथल्या माणसाला विचारा, यातलं बरंचसं तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे या संग्राहकाने गावातूनच जमवलंय. फोटोची परमिशन आधी घ्या, फ्लॅश नकोच. नंतर विटांचं त्रिविक्रम मंदिर बघा, गोरोबाकाकांचं दर्शनही होईल. सुट्टीचा वार मात्र फोन करून कन्फर्म करा.