जुने डायलचे दोन फोन सारखेच दिसतात. त्यातला अस्सल कोणता, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही काळे, दोन्ही वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे ५०० मॉडेल, फक्त एकाची बोट घालायची चकती धातूची आणि दुसऱ्याची पारदर्शक प्लास्टिकची. मग समोरून काय बघत बसलाय? पालथे करा. तळाच्या पत्र्यावर महिना-वर्षाचा शिक्का असतो. ५-५५ असेल तर मे १९५५. खालचे दोन स्क्रू सैल केले की कवच उचलून येतं. कवचाच्या आत, डायलच्या पाठीवर, घंटीवर, आणि रिसीव्हरची दोन्ही झाकणं फिरवून काढली की आतल्या डब्यांवरही तारखा सापडतात. काळ्या फोनवर आधी धातूची चकती यायची, पारदर्शक नंतर आली. झालं, एवढंच.

पण ‘अस्सल’चं म्हणाल, तर त्यावरून माझं एका संग्राहकाशी वाजलंय. नाव घेत नाही, वाचेल तेव्हा कळेलच त्याला. माझाही ५००च. या गृहस्थाने तो चार लोकांसमोर उघडला आणि एकेक तारीख मोठ्याने वाचायला लागला. तळ १९५३, कवच १९५३, रिसीव्हरचं हँडल १९५३. पण डायल १९६१ चा, कानाकडचा डबाही १९६१ चा. “खिचडी आहे,” म्हणाला, आणि झाकण लावायची तसदीही न घेता फोन माझ्याकडे सरकवला.

अरे बाबा, त्या काळात हे फोन घरच्यांच्या मालकीचे नव्हतेच! तिथली टेलिफोन सेवा चालवणारी बेल कंपनी ते भाड्याने द्यायची. बिघडला किंवा परत आला की तिच्याच दुरुस्तीखान्यात उघडायचा, झिजलेला डायल बदलायचा, पुसून पुढच्या घरी जायचा. १९५३ च्या फोनमधला १९६१ चा डायल म्हणजे तो फोन आठ वर्षं कुणीतरी रोज वापरला. त्यात नकली काय आहे?

आता त्याच्या कपाटातला ‘सगळ्या तारखा जुळणारा’ फोन बघा. मी मागून घेऊन उघडला होता. आतल्या पट्टीवरच्या स्क्रूंच्या खाचा ताज्या खरवडलेल्या, आतलं पितळ चमकत होतं. डायलच्या कडेला धुळीची काळी रेघ होती, ती कवचाच्या भोकाशी जुळतच नव्हती. तीन फोन फोडून एक जुळवलेला, हे त्याने नंतर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, आणि तेही अभिमानाने! माझ्या फोनच्या स्क्रूंवर वर्षानुवर्षांचा थर तसाच आहे. म्हणून तारखेच्या आधी स्क्रू बघा.

वासही घ्या, हसू नका. सुरुवातीची कवचं टेनाइट नावाच्या नरम प्लास्टिकची असत. त्यांना उलटीसारखा आंबूस वास येतो आणि ती आक्रसतात, त्यामुळे डायलभोवतीची फट एकसारखी राहत नाही. नंतरचं एबीएस प्लास्टिक कडक, वास नसलेलं. नरम कवचावर कडक प्लास्टिकचा रिसीव्हर दिसला तरी लगेच नाक मुरडू नका. कारण वर सांगितलंच.

आकडे चकतीच्या भोकांतूनच दिसत असतील, तर तुमचा ५०० नाहीच, बहुधा आधीचा ३०२ आहे. ५०० मध्ये आकडे आणि अक्षरं चकतीच्या बाहेरच्या कड्यावर असतात आणि भोकाखाली नुसता पांढरा ठिपका.

हे सगळं अमेरिकन फोनपुरतं, हे आधीच सांगायला हवं होतं. ब्रिटिश फोन असेल तर अक्षरं वाचा: अमेरिकन डायलवर ६ ला एम, एन, ओ, ब्रिटिशवर ६ ला फक्त एम, एन, आणि ओ शून्यापाशी क्यूच्या जोडीला. ७०६ आणि ७४६ या ब्रिटिश मॉडेलांत गोंधळ होत असेल तर रिसीव्हर ठेवायच्या जागेखाली हात घाला. उचलायला खाच लागली तर ७४६. आणि गोल मांडणीत दाबायची बटणं असलेला, हातात हलका लागणारा फोन असेल तर ती जुन्याची नवी नक्कल, एवढं वाचायचीही गरज नव्हती.

शिक्क्याची शाई स्पिरिटने पुसू नका, कायमची जाते. आणि पारदर्शक चकती काढून ‘मूळची’ धातूची बसवून द्यायला कुणी पुढे आलं, तर आधी डायलच्या पाठीचा फोटो काढून ठेवा.