तिजोरी आत, किल्ली उंबऱ्यावर

प्रश्न : मी छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, रिटर्न भरून देतो. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे ‘मशीन’, चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज १० टाकलंय. त्यात व्हेराक्रिप्ट या सॉफ्टवेअरनं पासवर्डची एक कुलूपबंद फाइल केली आहे; लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं तिच्यात. रात्री मशीन बंद न करता ‘सेव्ह स्टेट’ करतो. एवढं पुरे ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्याशी मी अडखळलो. ‘सेव्ह स्टेट’ म्हणजे त्या विंडोजची अख्खी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) उबुंटूच्या डिस्कवर एका फाइलीत उतरवून ठेवणं. त्या वेळी व्हेराक्रिप्ट उघडं असेल, तर त्याची किल्लीही त्या रॅममध्येच असते. ती फाइल कुलपाशिवाय बाहेर पडून आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मलाही हे ठेच लागूनच कळलं. कीबोर्ड बिघडला म्हणून लॅपटॉप दुकानात दोन दिवस ठेवला, वर पासवर्डही सांगून आलो. घरी आणल्यावर रात्री डोक्यात किडा वळवळला. व्हर्च्युअल विंडोजमध्ये घरातल्यांच्या पॅन नंबरांची नोटपॅडमधली यादी होती. ती मी कधीच पुसली होती, रीसायकल बिनसुद्धा रिकामा केला होता. उबुंटूच्या टर्मिनलवर ‘ग्रेप’ या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला वडिलांचा पॅन दिला आणि त्या मशीनच्या व्हीडीआय फाइलीत (मशीनची अख्खी डिस्क हिच्यातच असते) शोधायला लावलं. चहा होईपर्यंत उत्तर आलं : सापडला. पुसलेली फाइल दिसेनाशी होते, तिची जागा मात्र दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तशीच राहते.

म्हणून कुलूप बाहेरून, अख्ख्या लॅपटॉपला लावा. उबुंटू टाकतानाच डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करण्याचा पर्याय येतो. आत लक्स नावाची व्यवस्था काम करते. चालू उबुंटूला मागाहून ते बसवणं कटकटीचं, त्यापेक्षा पुन्हा इन्स्टॉल करा. त्याआधी मशीन आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्या डिस्कलाही कुलूप हवं, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. लॅपटॉप मंदावेल ही भीती सोडा. अलीकडच्या बहुतेक प्रोसेसरांत या कामाची सोय असतेच.

व्हर्च्युअलबॉक्समध्येही डिस्कला कुलूप लावता येतं, २०१५ च्या ५.० आवृत्तीपासून. पण सेव्ह स्टेटची फाइल त्यात येत नव्हती. ती सोय २०२२ च्या ७.० मध्ये आली. शिवाय त्याला लागणारा एक्स्टेन्शन पॅक (वेगळं टाकायचं जोड-सॉफ्टवेअर) घरगुती किंवा शिक्षणाच्या वापरापुरताच फुकट आहे, आणि तुमचं काम धंद्याचं. मी तुमच्या जागी असतो तर त्या वाटेला गेलो नसतो.

व्हेराक्रिप्ट राहू द्या, फक्त काम झालं की ते आधी बंद करा, मग मशीन. आणि शेअर्ड फोल्डरमध्ये (उबुंटू आणि विंडोज दोघांना दिसणारा फोल्डर) टाकलेली प्रत व्हेराक्रिप्टच्या बाहेर असते, हे प्रिंट काढायच्या घाईत विसरायला होतं.

झाकण मिटलं की लॅपटॉप नुसता झोपतो. लक्सची किल्ली रॅममध्ये जागीच असते. एसटीत बसण्यापूर्वी पूर्ण शटडाउन करा. लक्सचा पासवर्ड विसरलात तर मात्र मीही काही करू शकणार नाही. कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.