आधी नुसत्या पाण्यात सुई फिरव

ठाणे, घोडबंदर रोड

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

पेशी हाताळायच्या तुझ्या यंत्राचा व्हिडिओ पाहिला. सुईचं टोक पेशीला लागलं की हातातल्या दांड्याला विरोध जाणवतो म्हणतेस! हेवा वाटला गं. मी इतकी वर्षं स्त्रीबीजात शुक्राणू सोडले, ते निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर. बीज जेमतेम दशांश मिलिमीटरचं, सुईचं भोक पाचेक मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या पाचेक हजारांशांचं, आणि सुई हलवायची जॉयस्टिक मख्ख. बीजाचं आतलं पटल पटकन फाटत नाही, सुईबरोबर आत ओढलं जातं. फाटलं की नाही, हे किंचित शोषून बघायचं. जांभळी नाक्याच्या बाजारात आंबा न दाबता पिकलाय का ते सांगण्यासारखंच हे.

पण एक ध्यानात ठेव. तुझ्या हाताला लागतो तो पेशीचा जोर नव्हे, हिशेबाने काढलेला जोर. सुई किती वाकली ते मोजायचं, तिच्या ताठपणाने गुणायचं, कित्येक पटींनी वाढवायचं, मग मोटर तो तुझ्या बोटांना देते. ताठपणाचा आकडा चुकला की मऊ पेशीही निबर लागणार, आणि तुला पत्ता नाही. सुई बदललीस की नव्याने कॅलिब्रेशन कर, म्हणजे तिचा ताठपणा पुन्हा मोजून घे. कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

पहिले काही दिवस पेशीला शिवूच नकोस. नुसत्या द्रवात सुई फिरव, आधी हळू, मग झपाट्याने. समोर काही नसताना हाताला विरोध लागेल, तो द्रवाचा. त्याची ओळख नसेल तर पुढे तोच पेशीच्या नावावर खपेल. खालून डंपर गेला की तोही बोटांना कळेल, तेव्हा कंपन शोषणारं टेबल मागायला लाजू नकोस. दांडा थरथरला तर मोटरला सेकंदाला किती वेळा हुकूम जातोय ते बघ. हजाराच्या आसपास हवेत.

पेशी पकडणं सोपं, सोडणं कठीण. त्या मापावर वजनाला कोण विचारतो? चिमटा उघडला तरी ती आपल्या वजनाने खाली पडत नाही, चिकटूनच बसते.

मलेरियाचा परजीवी शिरलेली लाल पेशी ताठरते, फलनानंतर उंदराच्या बीजाचं कवच कडक होतं. हे फरक बोटांना कळतात का? पुढच्या रविवारी दांडा घेऊन ये. डोळे मिटून धरून बघते. पन्हं करून ठेवते.

तुझी,
मावशी