पोस्टग्रेस इन्स्टॉल झाले, सेवाही ‘ॲक्टिव्ह’ दिसते, तरी जोडणी का होत नाही?

आपण लिहिले आहे की उबुंटू २४.०४ च्या सर्व्हरवर पोस्टग्रेस १६ हा डेटाबेस इन्स्टॉल केला, सेवा ‘ॲक्टिव्ह’ दिसते, पण पीएसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याचा प्रोग्राम) उघडताच सॉकेटची (जिच्यातून जोडणी होते ती) फाइल सापडत नसल्याचा एरर येतो आणि दोनदा काढून पुन्हा टाकूनही तेच होते. आपला लॅपटॉप मराठीत असून सर्व्हरवर आपण त्यावरून एसएसएचने (दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या सोयीने) जाता, हेही आपण ओघात सांगितले आहे. माझ्या मते दोषाचे मूळ तिथेच आहे.

साताऱ्यातील एका ग्रंथालयाची पुस्तकसूची संगणकावर आणताना माझी संध्याकाळ याच दोषापायी गेली होती. ‘ॲक्टिव्ह’च्या पुढे कंसात ‘एक्झिटेड’ असे लिहिलेले असते, ते मी वाचलेच नव्हते. ती सेवा केवळ छत्रीसारखी असते. खरा डेटाबेस तिच्याखाली ‘क्लस्टर’ म्हणून वेगळा चालतो. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही आज्ञा देऊन पाहावी. नुसते मथळे दिसले आणि खाली एकही ओळ नसेल, तर क्लस्टर तयारच झालेला नाही.

याचे कारण असे की एसएसएच आपल्या लॅपटॉपचे मराठी लोकेल (भाषा व प्रदेशाची मांडणी) सर्व्हरला कळवते, सर्व्हरवर ते तयार केलेले नसते, आणि इन्स्टॉल होताना अवैध लोकेलमुळे क्लस्टर बनवण्याची पायरी फसते. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेचे लोकेलविषयीचे इशारे त्या वेळी पडद्यावर भराभर सरकून जातात; आपणही ते पाहिले असतील. पुन्हा इन्स्टॉल करताना लॉगिन तेच असल्यामुळे निकालही तोच येतो.

प्रथम ‘लोकेल-जेन’ने सर्व्हरवर मराठी लोकेल तयार करावे, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे, आणि मग सुडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) ‘पीजी_क्रिएटक्लस्टर’ ही आज्ञा १६, ‘मेन’ हे नाव व ‘स्टार्ट’ हा पर्याय देऊन चालवावी. पॅकेज पुन्हा काढण्याची गरज नाही.

‘एलसी_ऑल’ या लोकेल ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये नुसते ‘सी’ (कोणत्याही भाषेचे नसलेले मूळ लोकेल) ठेवून इन्स्टॉल करा, असा सल्ला अनेक जण देतात. मराठी मजकूर ठेवायचा असेल तर तो कृपया मानू नये. त्याने एरर जातो हे खरे, परंतु डेटाबेसचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) एसक्यूएल-आस्की होते आणि ‘सातारा’ या शब्दाची लांबी ६ (तीन अक्षरे व तीन काने वेगळे मोजून) ऐवजी १८ येते, कारण अक्षरांऐवजी बाइट मोजले जातात. शिवाय क्रम युनिकोडच्या अंकांनुसार लागतो. त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे, त्यामुळे सूचीत काळे हे काशीकरांच्या आधी जाऊन बसतात. एन्कोडिंग आणि हा क्रम डेटाबेस तयार होतानाच ठरतात आणि त्या डेटाबेसपुरते नंतर बदलता येत नाहीत. म्हणून क्लस्टर सुरू झाल्यावर, पहिली नोंद भरण्यापूर्वी, पीएसक्यूएलमध्ये ‘शो सर्व्हर_एन्कोडिंग’ विचारून यूटीएफ-८ (मराठीसह सर्व लिपी सांभाळणारे एन्कोडिंग) असल्याची खात्री करावी.