इंदुरात राहून नवीन टूल्स आणि टेक इव्हेंट्सच्या बरोबरीनं राहता येतं का, की पुणे-बंगळुरू गाठावंच लागतं?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करताय, दर आठवड्याला काहीतरी नवीन निघतं, मोठ्या कॉन्फरन्स सगळ्या बंगळुरू-पुण्याला होतात, आणि एका मित्रानं तुम्हाला ऐकवलंय की इंदुरात राहशील तर गंजशील. हा मित्र म्हणजे माझा धाकटा दीरच असावा अशी मला दाट शंका आहे.

राहता येतं. आता सविस्तर सांगते, कारण हा वाद आमच्या घरी दर गणपतीत होतो आणि आरती सुरू झाली की अर्धवट राहतो.

भाऊजी हिंजवडीत असतात. फ्रंटएंडचे, म्हणजे वेबसाइटचा समोर दिसणारा भाग करणाऱ्यांचे, मोठे लीड आहेत. कॉन्फरन्स एक सोडत नाहीत, लॅपटॉपच्या पाठीवर स्टिकरला जागा उरलेली नाही, आणि घरात घालायचे त्यांचे सगळे टी-शर्ट कुठल्या ना कुठल्या इव्हेंटचे. इंदूरला आले की सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताखाता सुरू होतात, "वहिनी, तुम्ही अजून जावा आठवरच?" हो, होते मी जावा आठवर. २०१४ सालचं व्हर्जन. माझी कंपनी ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी बिल्टी (मालाची पावती) आणि भाड्याच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करते. देवास नाक्यावरच्या माणसाला रात्री दोनला बिल्टी निघाली पाहिजे, ती कुठल्या व्हर्जनवर निघते याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

डिसेंबर २०२१. चुलत नणंदेचं लग्न, बायपासजवळच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. शुक्रवारी, १० तारखेला संध्याकाळी सीमांतपूजन. विहिणीचे पाय धुवायला काढून ठेवलेलं ताम्हन कुठे गेलं ते मी शोधत होते, तेवढ्यात फोन आला. पीथमपूरच्या एका कारखान्याच्या आयटी विभागात असलेला मुलगा. "ताई, तुमच्याकडे लॉग४जे आहे का? असेल तर हातातलं सोडा आणि आधी ते बघा."

त्या शुक्रवारी जगातल्या निम्म्या जावावाल्यांची झोप उडाली होती, तुम्ही तेव्हा कामाला लागला असाल तर आठवत असेल. लॉग४जे म्हणजे प्रोग्राम काय करतोय त्याच्या नोंदी (लॉग) ठेवणारी जावाची लायब्ररी, म्हणजे आयता कोड. त्या लॉगमध्ये एक विशिष्ट ओळ गेली, म्हणजे डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत जेएनडीआयचा (बाहेरच्या गोष्टी नावानं शोधायची जावातली सोय) पत्ता, की लॉग४जे ती नुसती लिहून ठेवायचं नाही, त्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणून चालवायचं. या शोधण्याला लुकअप म्हणतात. धोक्याची श्रेणी दहापैकी दहा. आमच्या बिल्टीवर 'शेरा' म्हणून एक रकाना आहे. 'माल ओला आहे', 'गेटवर फोन करणे' असलं काहीतरी लोक त्यात लिहितात, आणि आम्ही तो जसाच्या तसा लॉगमध्ये टाकत होतो. त्या रकान्यात कुणीही ती ओळ टाइप केली असती तर सर्व्हर त्याचा.

ताम्हन जाऊबाईंवर सोपवलं आणि वधूच्या खोलीत शालूंच्या बॅगांवर लॅपटॉप ठेवून बसले. वायफाय फक्त वरपक्षाच्या खोलीत येत होतं, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट. ऑफिसातल्या दोघांना फोन केला, एक म्हणाला, "मॅडम, कल सुबह देख लें?" मी म्हटलं, आत्ता.

इथे माझी एक जुनी सवय कामाला आली, जिच्यावर सगळे हसतात. आमच्या प्रत्येक सर्व्हिसमध्ये कुठली लायब्ररी, कुठलं व्हर्जन, कशामुळे आली, याची मी एक शीट ठेवते. मेव्हन या लायब्ररी गोळा करणाऱ्या टूलच्या डिपेन्डन्सी ट्रीचं (कोण कुणावर अवलंबून त्या यादीचं) आउटपुट दर रिलीजला त्यात जातं. त्यामुळे आमच्या स्वतःच्या कोडचं उत्तर लगेच मिळालं. जुन्या दोन सर्व्हिस लॉग४जेच्या पहिल्या पिढीवर होत्या. ती पिढी २०१५लाच बंद झाली, तिचे दुखणे वेगळे, पण हे भोक तिच्यात नव्हतं. बाकीच्यांमध्ये होतं. खरी डोकेदुखी शीटमध्ये नसलेली निघाली. रिपोर्ट काढायचं एक विकत घेतलेलं टूल होतं. त्याच्या एका जारच्या (जावा कोडची झिपसारखी फाइल) आत दुसरी जार, तिच्या आत लॉग४जे कोर. मेव्हनला ते दिसतच नाही. मग सर्व्हरवरची एकूण एक जार उघडून आत 'जेएनडीआय लुकअप' नावाची क्लास फाइल आहे का ते बघायचं, आणि असेल तर झिपच्या कमांडनं ती फाइलच जारमधून उडवायची. लॉग४जे सांभाळणाऱ्या अपाचेच्या पानावर हा उपाय दिलेला होता, फक्त त्या रात्री जो तो व्हर्जन वाढवायच्या नाहीतर एक फ्लॅग, म्हणजे सेटिंग, लावायच्या मागे होता.

त्यातले एक भाऊजी. त्यांच्या कंपनीचा बॅकएंडही (सर्व्हरवरचा भाग) जावातच, त्यामुळे त्यांचाही फोन खणखणत होताच. दारात उभं राहून मला म्हणाले, "वहिनी, २.१५ आलंय ना, ते टाका, नाहीतर लुकअप बंद करायचा फ्लॅग लावा आणि पंगतीला चला. आमच्या टीमनं अर्ध्या तासात उरकलं." मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. उत्पादनातल्या सर्व्हरवर शुक्रवारी रात्री, टेस्ट न करता, काही तासांपूर्वी निघालेलं व्हर्जन चढवायला माझा हात धजत नाही. एक क्लास उडवणं मला कळतं. ती नसली तर काय मोडेल हेही कळतं, आणि आमचं काहीच मोडत नव्हतं.

शनिवारी लग्न लागलं. अक्षता टाकून परत खोलीत आले आणि लॉग उघडले तर कुठल्या कुठल्या देशांतून आलेल्या विनंत्या, प्रत्येकीच्या यूझर-एजंटमध्ये (ब्राउझर आपली ओळख सांगतो त्या मजकुरात) तीच ओळ. आमच्यावर कुणाचा राग होता असं नाही, सगळ्या इंटरनेटवरच दारं ठोठावणं चाललं होतं. आमचं दार बंद होतं.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. २.१५ अपुरं निघालं, तो फ्लॅगही अपुरा निघाला. १३ तारखेला २.१६ आलं, त्यातही खोट सापडली म्हणून त्याच आठवड्याच्या अखेरीस २.१७. मंगळवारी पुण्याहून फोन. "वहिनी, ती क्लास उडवायची कमांड जरा पाठवता का?" पाठवली. आम्ही पुढे २.१७ वर गेलो ते नीट टेस्ट करून, शांतपणे, आणि ते त्या हिणवलेल्या जावा आठवर व्यवस्थित चाललं.

भाऊजी आजही म्हणतात की तो योगायोग. "तो पोरगा भेटला होता म्हणून वाचलात." बरोबर. पण भेटला कुठे? विजयनगरच्या एका को-वर्किंगमध्ये, रविवारच्या मीटअपला, पंधरा-वीस टाळक्यांत. सासूबाईंना सानंद या संस्थेच्या नाटकाला सोडायचं आणि मधल्या वेळात मीटअप, असं माझं चालायचं. त्या दिवशी विषय काय होता ते मला आठवतही नाही. बोलणाऱ्याच्या स्लाइड इंग्रजीत, प्रश्न हिंदीत, आणि संपल्यावर जिन्यात आम्ही दोघं-तिघं मराठी निघालो म्हणून अर्धा तास गप्पा झाल्या. त्यात मी त्याला सांगितलं होतं की आमचं सगळं जावात आहे. तेवढंच त्यानं लक्षात ठेवलं. बंगळुरूच्या हजार माणसांच्या हॉलमध्ये तुमचं काय कशात आहे हे कोण लक्षात ठेवतो?

म्हणून माझं स्पष्ट मत असं की इव्हेंटला भाषणासाठी जाऊ नये. भाषणं यूट्यूबवर येतात, दीडपट वेगानं बघा, आणि शक्यतो वर्षभर जुनी बघा. नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं टूल, पहिल्यांदा २००९मध्ये बर्लिनला जेएसकॉन्फमध्ये दाखवलं गेलं, आणि २०१८मध्ये त्याच कॉन्फरन्सच्या मंचावर नोडच्याच कर्त्यानं, रायन डालनं, नोडमधल्या आपल्याला पस्तावायला लावणाऱ्या दहा गोष्टी सांगितल्या. हे दुसरं भाषण पहिल्यापेक्षा जास्त शिकवतं. आणि लॉग४जेमधलं ते लुकअप २०१३पासून तिथेच होतं. आठ वर्षं. लॉगिंगवर भाषण द्यायला कोण उभं राहणार, आणि ऐकायला कोण बसणार! मंचावर चकाकणारं येतं, तुमचा सर्व्हर मात्र न चकाकणाऱ्यावर चालतो.

टूल्सचं म्हणाल तर मी सगळ्यांच्या मागे जात नाही. जे वापरते त्याच्या रिलीज नोट्स वाचते, आणि त्या मेलमध्ये आपोआप येतील अशी सोय करून ठेवली आहे. जावा मार्च आणि सप्टेंबरला येतं, पण नोकरीपुरतं १७, २१, २५ एवढ्या एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या व्हर्जनवर) लक्ष ठेवलं तरी पुरे. पोस्टग्रेस या डेटाबेसचं वर्षाला एक व्हर्जन, आणि प्रत्येक व्हर्जन पाच वर्षं सांभाळतात, म्हणजे घाई कधीच नसते, फक्त तारीख विसरायची नसते. जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कचं तिसरं व्हर्जन नोव्हेंबर २०२२मध्ये आलं तेव्हा कमीत कमी जावा १७ लागणार आणि 'जावाएक्स' नावाची बरीच इम्पोर्ट (कोडमध्ये लायब्ररी आणणाऱ्या ओळी) 'जकार्ता' होणार हे आधीपासून जाहीर होतं. ज्यांनी वाचलं त्यांनी सावकाश बदललं. आम्हीही तेव्हाच आठवरून १७वर आलो, कुणी चिडवलं म्हणून नाही. नवीन टूल हातात घ्यायचं तर आपल्या कामात कुठे दुखतंय ते आधी बघावं. दुखत नसेल तर दुसऱ्याचं औषध कशाला?

इंदुरात काही होत नाही हेही खरं नाही. गूगल डेव्हलपर ग्रुपचं इथे चॅप्टर आहे, वर्षाच्या शेवटाकडे त्यांचं डेव्हफेस्ट हे संमेलन असतं, कॉलेजांमध्ये काही ना काही चालूच असतं. दर्जा वरखाली असतो. बरीच गर्दी सर्टिफिकेट आणि टी-शर्टसाठी आलेल्या मुलांची, आणि एखादा वक्ता नुसतं आपल्या कंपनीचं प्रॉडक्ट विकायला आलेला. मागच्या रांगेत बसा आणि शेवटी एकच विचारा, "हे वापरताना प्रॉडक्शनमध्ये काय फुटलं?" ज्याला उत्तर देता येत नाही त्यानं ते वापरलेलं नाही. वर्षातून एखादी मोठी कॉन्फरन्स करायचीच असेल तर मुंबईची निवडा. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबई सेंट्रल, शहर सोडायची गरज नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुम्ही फ्रंटएंडकडे वळणार असाल तर माझं निम्मं म्हणणं गैरलागू आहे, तिथे खरंच चाल वेगळी आहे. 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप'वर (फ्रंटएंडचा नवा प्रोजेक्ट सुरू करायचं टूल) अख्खी पिढी शिकली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ते अधिकृतपणे बाद ठरवलं गेलं. तिथे वर्षभर जुनी भाषणं बघून भागणार नाही. एआयच्या टूल्सनाही माझा 'दुखत असेल तरच' हा नियम मी स्वतः लावलेला नाही. कोपायलट, म्हणजे कोड सुचवणारा एआय, ऑफिसनं दिला आणि टेस्ट लिहायला मी तो रोज वापरते, फक्त त्यानं सुचवलेली प्रत्येक नवी लायब्ररी आधी माझ्या शीटमध्ये जाते. आणि पगार हा प्रश्न असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्या आल्या आहेत, पण तुमच्या अनुभवाला पुण्यात जास्त मिळत असेल तर जरूर जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त घरच्यांना पगारासाठी चाललोय असंच सांगा, अपडेट राहायला म्हणून नको.

भाऊजींचं खातं इथेही आहे. ते खाली येऊन त्यांच्या कंपनीनं २.१६ किती तासांत चढवलं ते लिहितील. कमांड कुणाकडून आली ते त्यांना विचारा.